"दुसरी पार्टी तयार आहे साहेब": घर घेताना एजंटचं किती ऐकायचं

संभाजीनगर असो, नांदेड असो की लातूर, पहिल्यांदा घर बघायला निघालेल्या माणसाला तिसऱ्या-चौथ्या घरापाशी एक वाक्य हमखास ऐकू येतं, "साहेब, दुसरी पार्टी पण तयार आहे, तुम्ही आज सांगितलं तर बरं". आणि मग रात्रभर झोप नाही, बायकोशी वाद, सासऱ्यांना फोन, सकाळी उठून दोन लाख वाढवून टाकायचे. ती पार्टी खरी होती का खोटी होती हे तुम्हाला नव्वद टक्के वेळा कधीच कळणार नाही, म्हणून ते शोधण्यात डोकं घालू नका, पार्टी खरी असली तरी आणि खोटी असली तरी आपलं नुकसान होऊ नये अशी तयारी आधीच कशी करायची ते मी खाली ओळीनं सांगतो. जास्त करून जुन्या घरांचं म्हणजे रिसेलचं सांगतोय, बिल्डरच्या नव्या स्कीमचं शेवटी थोडंसं आहे.

१. आधी हे समजून घ्या की एजंट कुणाचा माणूस आहे

आपल्याकडं एजंट म्हणजे कोण, तर कुणी बीड बायपासला काचेचं ऑफिस टाकून बसलेला, कुणी झेरॉक्स सेंटर चालवत चालवत करणारा, कुणी रिटायर्ड तलाठी, आणि कधी कधी नुसता चहाच्या टपरीवर बसणारा भाऊ ज्याला गल्लीतलं कुठलं घर विकायचंय ते मालकाच्या पोरांच्या आधी कळतं. यातले बरेच जण चांगले असतात, खरंच सांगतो, एका घराचे चार वारस समजावून एका टेबलावर आणणं हे काम वकिलालाही जमत नाही ते हे लोक करतात. पण तो घेणाऱ्याकडूनही दलाली घेतो आणि विकणाऱ्याकडूनही घेतो, आणि विकणारा त्याला पुढंही गिऱ्हाईक देणार असतो, तुम्ही मात्र घर घेतलं की वीस वर्षं परत येणार नाही. तेव्हा तो गोड बोलला म्हणून तो तुमचा माणूस झाला असं समजू नका, तो सौद्याचा माणूस आहे.

महारेराचा (घरांच्या प्रोजेक्टवर आणि एजंटांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नंबर आहे का हे जरूर विचारा, रेरा कायदा २०१६ चा आहे, नोंदणी झालेल्या प्रोजेक्टमधले फ्लॅट विकायला एजंटची नोंदणी लागते आणि २०२४ पासून तर परीक्षा पास होऊन प्रमाणपत्र पण लागतं. नंबर महारेराच्या साइटवर टाकून बघता येतो. पण जुन्या घराच्या सौद्याला तो कायदा बहुतेक वेळा लागू पडत नाही, त्यामुळं "आम्ही रेरा रजिस्टर्ड आहोत" हे ऐकून लगेच निवांत होऊ नका.

२. दलाली कशी ठरलीय ते पहिल्याच भेटीत विचारा

हा मुद्दा लोक लाजेखातर टाळतात आणि तिथंच फसतात. सरळ विचारायचं, "दादा, माझ्याकडून किती टक्के, मालकाकडून किती, आणि मालकाचा रेट नेट आहे का?"

नेट रेट म्हणजे काय ते नवीन माणसाला माहीत नसतं. मालक एजंटला म्हणतो, मला बेचाळीस लाख हातात पाहिजेत, वरचे तुझे. आता एजंट तुम्हाला सत्तेचाळीस सांगणार आणि प्रत्येक लाखासाठी जीव तोडून भांडणार, कारण तो प्रत्येक लाख त्याच्याच खिशात जाणार असतो. आणि अशाच सौद्यात दुसऱ्या पार्ट्या जास्त उगवतात, हे माझं निरीक्षण आहे.

याच्या उलट साध्या टक्केवारीचं गणित बघा. एजंट एक टक्क्यावर असेल तर तुमचा आकडा एक लाखानं वाढल्यावर त्याला तुमच्याकडून फक्त एक हजार रुपये जास्त मिळतात, मालकाकडूनही एक टक्का असेल तर दोन हजार. दोन हजारासाठी कुणी सौदा मोडायचा धोका घेत नाही, टक्केवारीवाल्या एजंटला भाव वाढण्यापेक्षा सौदा लवकर उरकण्यात जास्त रस असतो. म्हणून एखादा एजंट एकाच लाखासाठी दिवसातून पाच वेळा फोन करायलाय तर एक तर मालक खरंच अडून बसलाय किंवा मग नेट रेट आहे. मालकाला एकदा समोरासमोर भेटलात की यातलं कुठलं खरं ते बऱ्यापैकी कळतं.

दलाली किती, कधी द्यायची (माझ्या मते रजिस्ट्रीच्या दिवशी, टोकनच्या दिवशी अर्धी वगैरे अजिबात नाही), हे व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा आणि त्याच्याकडून "ओके" घ्या. हे तुमच्यापेक्षा त्याच्या फायद्याचं आहे. एजंट लोक मालकाला भेटू देत नाहीत कारण गिऱ्हाईक परस्पर डायरेक्ट होतं आणि दलाली बुडवतं, असं करणारे लोक आपल्यात खूप आहेत, तेव्हा त्याची भीतीपण चुकीची नाही. ती लेखी देऊन काढून टाकली की मग मालकासोबत बैठक मागायला तुम्हाला तोंड राहतं.

३. स्वतःचा आकडा घर बघायच्या आधी काढा, आणि खिशातून किती जाणार ते काढा

समजा घर पंचेचाळीस लाखाचं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं तीस ते पंच्याहत्तर लाखाच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ऐंशी टक्के देते, म्हणजे छत्तीस लाख, नऊ तुमचे. मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत साधारण सहा टक्के धरा, दोन लाख सत्तर हजार, नोंदणी फी एक टक्का पण जास्तीत जास्त तीस हजार, झाले तीन लाख, हे कर्जात बसत नाहीत. (घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर राहत्या घराला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, इथं पंचेचाळीस हजार वाचतात, विसरू नका.) दलाली, वकील, बँकेची फी धरली की बारा-तेरा लाख रोकडा तुमच्याकडं पाहिजेत.

आता दुसरी पार्टी आली आणि तुम्ही अठ्ठेचाळीस म्हणालात. बँकेचा व्हॅल्युअर येतो आणि म्हणतो घर पंचेचाळीसचंच आहे. बँक सौद्याची किंमत आणि व्हॅल्युएशन यातलं जे कमी ते धरते, म्हणजे कर्ज छत्तीसच राहणार आणि वरचे तीन लाख पूर्णच्या पूर्ण तुमच्या खिशातून, वर त्यावर मुद्रांक शुल्क अठरा हजार वेगळं. चढाओढीत वाढवलेला पैसा कर्जातून जाईल असं लोकांना वाटत राहतं, तो बऱ्याचदा बायकोच्या दागिन्यातून जातो. आणि आकडा पन्नास लाखाला टेकला की एक टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी पण घेणाऱ्याचीच, तो पैसा मालकाच्याच रकमेतून जातो पण कापायला विसरलात तर नोटीस तुम्हाला.

भाव बरोबर आहे का हे बघायला दोन गोष्टी. एक म्हणजे रेडी रेकनर, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर मिळतो, पण तो सरकारी दर आहे, बाजारभाव त्याच्या वर-खाली असतो. दुसरं त्याच साइटवरचं ई-सर्च, तिथं फुकटात गाव आणि मिळकत नंबर टाकून इंडेक्स टू, म्हणजे झालेल्या रजिस्ट्रीचा गोषवारा, बघता येतो, शेजारच्या गल्लीत मागच्या वर्षी काय भावानं रजिस्ट्री झाली ते दिसतं. त्यातही गंमत अशी की आपल्याकडं व्हाइटमध्ये कमी दाखवायची सवय आहे त्यामुळं तिथला आकडा कमीत कमी समजा. तीन-चार इंडेक्स टू आणि गल्लीतल्या किराणा दुकानदाराशी अर्धा तास गप्पा, एवढ्यात भावाचा अंदाज येतो. समृद्धीचा इंटरचेंज जवळ आहे, बिडकीनला टोयोटा येतेय, हे सगळं खरं असलं तरी तो भाव मालकानं आधीच लावून ठेवलेला असतो, एजंट तोच तुम्हाला दुसऱ्यांदा विकतो.

मग दोन आकडे कागदावर लिहा, एक सुरुवातीचा, एक शेवटचा. शेवटचा घरातल्या माणसांनाच माहीत पाहिजे. परभणी-हिंगोलीकडच्या बैलबाजारात हेडे लोक रुमालाखाली बोटं धरून सौदा करतात ना, शेजारी उभा असलेल्याला पण आकडा कळत नाही, तसंच. "साहेब तुमचं शेवटचं काय ते मला तरी सांगा, मी मालकाला सांगत नाही" असं म्हणणाऱ्याला तर अजिबात सांगू नका.

४. फोन आल्यावर काय बोलायचं

फोन येतो, "सर, दुसरी पार्टी पंचेचाळीस म्हणायलीय, तुम्ही सत्तेचाळीस करा, संध्याकाळपर्यंत सांगा नाहीतर माझ्या हातात काही राहत नाही." खोटं बोलताय असं म्हणून भांडू नका, खरा असला तर माणूस तुटतो. शांतपणे विचारा: त्यांनी घर आतून बघितलंय का? लोन घेणार आहेत का स्वतःचे पैसे? लोन असेल तर मंजुरी झालीय का? टोकन दिलंय का, आणि नसेल दिलं तर का नाही? मालकाला त्यांचा आकडा सांगितलाय का आणि मालक काय म्हणाले?

खरी पार्टी असली की उत्तरं पटपट येतात, थोडी कंटाळवाणी असतात, "हो, त्यांचं लोन चालूय, बँकेत फाइल आहे, मालकीणबाई म्हणाल्या बघू". खोटी असली की माणूस गोल गोल फिरतो, पार्टी एकदम पुण्याची होते, नाहीतर दुबईची, पूर्ण पैसा रोख, घर न बघताच पसंत. एवढी चांगली पार्टी आहे तर तुम्हाला कशाला फोन करायलाय, हा प्रश्न मनातच विचारा.

एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटेल. जो एजंट दुसऱ्याचा नेमका आकडा तुम्हाला सांगतो तो प्रामाणिक नाही, कारण तुमचा आकडाही त्यानं तिकडं सांगितलेला असणार. "दुसरं गिऱ्हाईक आहे, तुमच्यापेक्षा वर आहे, नाव आणि आकडा सांगू शकत नाही, तुमचा शेवटचा आकडा उद्यापर्यंत द्या, मी दोन्ही मालकासमोर ठेवतो" असं म्हणणारा कोरडा वाटतो पण काम तोच सरळ करतो.

आणि मग मागणी करा, दोघांचे शेवटचे आकडे एकाच दिवशी मालकासमोर जाऊ द्या, मी बैठकीला येतो, त्यांना वेगळ्या वेळी बोलवा. खरी चढाओढ असेल तर मालकाला यात फायदाच आहे, तो नाही म्हणणार नाही. एजंट जर म्हणाला की मालक कुणाला भेटत नाहीत, गावाकडं असतात, तब्येत बरी नाही, तर निदान फोनवर तरी बोलणं करून द्या म्हणायचं. तेही नाही तर तुमचा आकडा जिथं आहे तिथंच ठेवा.

५. ऑफर लिहून द्या, तारखेसकट

तोंडी ऑफर हवेत राहते आणि एजंट ती मालकापर्यंत नेईलच असं नाही, कधी कधी त्याच्या दुसऱ्या ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी तुमची ऑफर दाबून पण ठेवतो. म्हणून साधा मेसेज, एजंटला आणि नंबर असेल तर मालकाला पण: अमुक घरासाठी चव्वेचाळीस लाख, सगळे बँकेतून, कर्जाची तत्त्वतः मंजुरी आहे, कागद साफ निघाल्यावर पंचेचाळीस दिवसांत खरेदीखत, ही ऑफर रविवारपर्यंत. रविवार गेला की गेली, सोमवारी फोन आला तर परत विचार करून सांगतो म्हणायचं. तारीख टाकली की घाई करायचं हत्यार त्याच्या हातातून तुमच्या हातात येतं.

मुहूर्ताचा दबाव पण असतो, पाडव्याच्या आधी, अक्षय्य तृतीयेच्या आधी, नाहीतर एक एप्रिलला रेडी रेकनर बदलणार म्हणून मार्चमध्ये. तुम्ही जर मुहूर्त मानत नसाल तर पितृपक्षात घरं बघा, गर्दी नसते, एजंटला वेळ असतो आणि मालक जमिनीवर आलेला असतो. फक्त पाणी मात्र मे महिन्यातच बघायचं, बोअर किती फूट आहे, नळाला किती दिवसाला पाणी येतं, टँकर लागतो का, शेजाऱ्याला विचारा, एजंटला नाही.

६. टोकन देताना

इथं सगळ्यात जास्त पैसे बुडतात. दुसऱ्या पार्टीची भीती घालून "आज निदान लाखभर टोकन टाका, सौदा लॉक करतो" म्हणतात. टोकन एजंटच्या हातात किंवा त्याच्या फोन-पेवर कधीच नाही. मालकाच्या खात्यावर, चेक किंवा बँकेतून, आणि इसार पावतीवर सगळ्या मालकांच्या सह्या. सगळ्या म्हणजे सगळ्या, वडील वारलेले असतील तर आई, भाऊ आणि बहिणी पण, बहिणींनी हक्कसोड केलेलं नसेल आणि "त्यांचं काही नाही, त्या येतील सहीला" असं म्हणत असतील तर त्यांची सही होईपर्यंत पैसे सोडू नका. एजंटकडंच मुखत्यारपत्र असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका, नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी बदलत नाही हे सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये स्पष्ट केलंय.

पावतीत एवढं तरी पाहिजे: मिळकतीचं पूर्ण वर्णन, ठरलेली पूर्ण किंमत, टोकनची रक्कम, साठेखताची (खरेदीखताच्या आधीचा करार) तारीख, टायटल साफ निघालं नाही किंवा बँकेनं कर्ज नाकारलं तर टोकन किती दिवसांत पूर्ण परत, आणि त्या तारखेपर्यंत मालक दुसऱ्या कुणाशी सौदा करणार नाही. शेवटची ओळ लिहायला मालक का-कू करत असेल तर चढाओढ टोकननंतर पण चालूच राहणार आहे असं समजा.

रोख म्हणाल तर स्थावर मिळकतीच्या सौद्यात वीस हजार किंवा त्याच्यावरची रक्कम रोख घेणं २०१५ पासून बंद आहे, रोख घेणाऱ्यावर, म्हणजे मालकावर, तेवढाच दंड बसू शकतो. तरीही "दुसरी पार्टी दहा लाख ब्लॅक द्यायला तयार आहे" असं सांगतात. देऊ द्या त्यांना. तुमचं कर्ज व्हाइटच्या आकड्यावर बसणार आहे आणि उद्या सौदा फिसकटला तर त्या दहा लाखाचा पुरावा तुमच्याकडं काय?

इसार झाला की लगेच वकिलाकडून सर्च रिपोर्ट (मिळकतीच्या जुन्या नोंदींची तपासणी) आणि स्थानिक पेपरात जाहीर नोटीस, आणि साठेखत रजिस्टर करून घ्या, बाँडवर नोटरी करून नाही. रजिस्टर झालेलं साठेखत इंडेक्स टूला दिसतं, मग मालकाला दुसरीकडं सौदा करणं अवघड जातं. मराठवाड्यात विशेष म्हणजे सातबाऱ्याचा इतर हक्काचा रकाना आणि भोगवटादार वर्ग (वर्ग दोन म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन) नीट वाचा, निजामाच्या काळातल्या इनामी जमिनी, मदतमाश, खिदमतमाश, वक्फ, यावर उभ्या राहिलेल्या कॉलन्या कमी नाहीत. संभाजीनगरच्या सातारा-देवळाईसारख्या भागात गुंठेवारीचं, म्हणजे लेआउट मंजूर न करता गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या प्लॉटवरचं, घर असेल तर नियमित झाल्याचा कागद मागा, गुंठेवारीचा कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात आली, "फाइल टाकलीय" म्हणजे नियमित झालं असं नव्हे. सिडकोचं लीजवरचं घर असेल तर हस्तांतराची परवानगी कोण आणणार आणि त्याचे पैसे कोण भरणार हे आकडा ठरवतानाच बोलून घ्या.

७. नव्या स्कीममध्ये "दोनच फ्लॅट उरलेत"

हे मात्र तपासता येतं. महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचं पान उघडा, किती फ्लॅट आहेत आणि किती बुक झालेत ती माहिती बिल्डरला दर तीन महिन्याला टाकावी लागते. ऑफिसात दोन उरलेत आणि साइटवर निम्मी बिल्डिंग रिकामी दिसत असेल तर आरामात घरी जा. आणि करारनामा रजिस्टर केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे बिल्डरला घेता येत नाहीत. एजंटनं किंवा बिल्डरनं खोटी माहिती दिली तर महारेराकडं ऑनलाइन तक्रार करता येते, म्हणून ते काय बोलले ते मेसेजवर मागून घ्यायची सवय ठेवा.

८. पार्टी खरीच असेल तर

असते कधी कधी. संभाजीनगरला गारखेड्यात किंवा लातूरला क्लासेसच्या जवळ चांगलं घर निघालं की दोन-तीन गिऱ्हाइकं सहज असतात. तेव्हा दरवेळी जास्त पैसेवालाच जिंकतो असं नाही. मालक का विकतोय ते विचारा. पोरीचं लग्न असेल तर त्याला तारीख महत्त्वाची, नवीन घर बांधायलेत तर त्यांना चार महिने तिथंच राहायला मिळणं महत्त्वाचं, भावाभावांच्या वाटणीचा पैसा असेल तर सगळ्यांच्या खात्यावर एकाच दिवशी चेक पडणं महत्त्वाचं. तुमची कर्जाची मंजुरी तयार असेल, वकील ठरलेला असेल आणि मालकाला राहायला दोन महिने देत असाल तर लाखभर कमी असूनही सौदा तुमच्याकडं येऊ शकतो. म्हणून घर शोधायच्या आधी बँकेत जाऊन या, पगाराच्या स्लिपा, आयटीआर, सिबिल सगळं एका फोल्डरमध्ये.

आणि तुमच्या शेवटच्या आकड्याच्या वर गेलं तर सोडून द्या, पण दार लावू नका. एजंटला सांगा, माझी ऑफर अमुक होती, त्यांचं नाही जमलं तर मला फोन करा. कर्ज नामंजूर होणं, बहिणीची सही न मिळणं, ऐनवेळी ब्लॅक कमी पडणं, यात बरेच सौदे मोडतात आणि दुसऱ्या नंबरच्या माणसाला फोन येतो. आला तर जुनाच आकडा धरा, आता घाई त्यांना आहे. आणि फोन नाही आला तर तीन-चार महिन्यांनी ई-सर्चला त्या घराचा इंडेक्स टू काढून बघा. घर अजून त्याच मालकाच्या नावावर असेल आणि एजंटचा बोर्ड अजून गेटवर असेल, तर पुढच्या घराला एजंट कोण घ्यायचा नाही ते तुम्हाला कळलं.